संध्याकाळची उंची

९ मार्च

धाकट्या,

पत्राच्या माथ्यावर काय लिहावे या विचारात दोन दिवस गेले. आशीर्वाद लिहिणे हा थोरल्या भावाचा हक्क खरा. पण ज्याने तो अठरा वर्षे बजावला नाही त्याच्याकडे तो शिल्लक राहतो की आपोआप लयाला जातो, याचा निवाडा मला करता आला नाही. तेव्हा ज्या नावाने तुला हाक मारत असे तेवढेच लिहून थांबलो आहे.

मुद्द्यावर येतो. ज्या संस्थेच्या रुग्णालयात तू मुलांचा डॉक्टर होतास आणि जिच्या संशोधन-नीती समितीचा मी अध्यक्ष होतो, ती संस्था आता दुसऱ्या मोठ्या संस्थेत विलीन होत आहे. पंधरा वर्षांहून जुनी सर्व दप्तरे तीस जूनला नष्ट करणार आहेत. तोपर्यंत जुन्या निकालाचा फेरविचार मागता येतो, आणि तो ज्याच्याविरुद्ध निकाल गेला त्यालाच मागता येतो. अर्जाच्या दोन प्रती सोबत जोडल्या आहेत. पेन्सिलीने खूण केलेल्या दोन जागी तुझी सही हवी. बाकीचे मी भरले आहे.

फेरविचाराचा आधार सांगतो. त्यात काही तुझेच तुला सांगतो आहे, ते अशासाठी की माझी समजूत कुठे चुकत असेल तर तुला दाखवता यावी.

तुझ्या चाचणीत पाच मुले होती. वाढीचे संप्रेरक त्यांच्या शरीरात तयार होत होते, पण पुरेसे सुटत नव्हते. तू त्यांना प्रयोगशाळेत जुळवलेले एक पेप्टाइड टोचत होतास, म्हणजे अमिनो आम्लांची एकोणतीस दुव्यांची साखळी. ती स्वतः वाढ घडवत नाही. मेंदूच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीला साठवलेले संप्रेरक सोडायला सांगते. नऊ महिन्यांत पाचही मुलांची उंची तुझ्या नोंदवहीत चांगली वाढली. ती फारच चांगली वाढली आहे, अशी एक निनावी तक्रार आली. समितीच्या वतीने मी स्वतः जाऊन पाचही मुले मोजली. उपकरण तेच, भिंत तीच, पद्धत तीच. पाचही मुले तुझ्या पंधरा दिवसांपूर्वीच्या नोंदीपेक्षा सहा ते अकरा मिलिमीटर कमी भरली.

मोजणाऱ्याची चूक दोन्ही बाजूंना पडते, कधी जास्त, कधी कमी. इथे पाचही फरक एकाच बाजूला होते. म्हणून ही चूक नव्हे, हा हेतू आहे, असे अनुमान मी काढले. चाचणी लगेच बंद झाली, सुनावणीनंतर तुझी जागा गेली, आणि त्यानंतरचे तुला ठाऊक आहे.

अनुमानाचा आकार निर्दोष होता. आधारविधान खोटे होते. सर्व काही समान होते असे मी म्हटले. एक गोष्ट समान नव्हती. तू मुलांना सकाळी आठला मोजत होतास. मी पावणेसहाला मोजले, संध्याकाळी. दिवसभर उभे राहून, धावून पाठीच्या मणक्यांमधल्या गाद्या दबतात आणि माणूस तेवढ्याने खुजा होतो. सर्वांचा फरक एकाच बाजूला पडतो, कारण सर्वांचा दिवस एकाच बाजूला सरतो.

हे मला कोणी सांगितले तेही नोंदवतो. गेल्या महिन्यात चष्मा बदलायला गेलो. काउंटरमागे काचा घासणारी एक तरुण बाई होती, माझ्या दोन डोळ्यांतले अंतर मोजताना ती थांबली आणि म्हणाली, “तुम्ही ते पट्टीवाले काका.” तुझ्या पाचांतली ती. वॉर्डात जिला सगळे लवंगी म्हणत, ती. मी ओळख दिली. तिने राग न करता, माप घेता घेताच, सांगितले, “त्या दिवशी मी कमी भरले ना, तर मला वाटलं मीच काहीतरी चुकले. डॉक्टरकाका कायम सकाळी मोजायचे, उठल्याउठल्या. म्हणायचे, संध्याकाळी सगळेच बुटके होतात, राजासुद्धा.”

दुसरा आरोप, म्हणजे चाचणी बंद झाल्यावरही तू या मुलीला अकरा आठवडे इंजेक्शने देत राहिलास हा, मी अर्जात घेतलेला नाही. पहिला पडला की दुसऱ्याचे वजन आपोआप उतरेल.

हे पत्र म्हणजे क्षमायाचना नव्हे. क्षमा मागणाऱ्याला बदल्यात काहीतरी हवे असते. मला एक चुकीचे विधान मागे घ्यायचे आहे, इतकेच.

प्रकृती बरी आहे. घरी सर्व ठीक.

थोरला

सोबत: अर्ज, दोन प्रती.

२ एप्रिल

धाकट्या,

मागच्या पत्रात ‘घरी सर्व ठीक’ असे लिहिले. ते विधान असत्य होते. घरी मी एकटा आहे. तुझी वहिनी गेल्याला येत्या ऑगस्टमध्ये दोन वर्षे होतील. आजार लांबला नाही. तुला कळवायला हवे होते. मी कळवले नाही. त्या वेळी मी स्वतःला असे पटवले होते की तुझा पत्ता मला ठाऊक नाही, आणि ते खरेही होते, कारण मी तो शोधला नव्हता.

पत्ता तिच्या वहीत मिळाला. दूधवाला, गॅसवाला, माझा दाताचा डॉक्टर, आणि त्यांच्याखाली तू. तीन पत्ते खोडलेले, चौथा शाबूत. म्हणजे तू जिथे जिथे बिऱ्हाड हलवलेस तिथे तिथे ती तुझ्या मागोमाग आली होती आणि एकाच छपराखाली राहून मला याचा पत्ता नव्हता. तिने मला फसवले असे मी म्हणणार नाही. मी तिला कधी विचारले नाही. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याची सक्ती कोणावर नसते.

तुझे उत्तर आले नाही. मी तीन आठवडे थांबून लिहितो आहे, त्याचे कारण तूच दिलेले आहे. आठवत असेल तर ताडून पाहा.

चाचणी सुरू व्हायच्या सुमारास एका रविवारी तू आमच्या स्वयंपाकघरात आला होतास. खिशातून बोटाच्या पेराएवढी बाटली काढलीस. तळाशी पांढरी भुकटी. त्यात सुईने पाणी सोडलेस आणि बाटली दोन तळव्यांत धरून नुसती फिरवत बसलास. वहिनी म्हणाली, भाओजी, हलवा की जरा, कढीसारखं काय घोळवताय. तू म्हणालास, हलवलं की साखळी तुटते, वहिनी, हिला गोंजारावं लागतं. मग मी तुझी उलटतपासणी घेतली. तुला ती अजून आठवते का ते मला माहीत नाही. मला शब्दशः आठवते, आणि आता ती कोणाला म्हणून दाखवावी असा माणूस घरात नाही.

“हे काही देत नाही, दादा,” तू म्हणालास. “हे फक्त मागतं. द्यायचं ते त्या पोरांकडेच असतं, इथं डोक्यात, वाटाण्याएवढ्या ग्रंथीत. कोणी नीट मागत नाही म्हणून पडून असतं.”

मी विचारले, मग सरळ संप्रेरकच का टोचत नाहीस, ते बाजारात मिळते. तू म्हणालास, वरून ओतत राहिलं की आतली ग्रंथी म्हणते, चला, आपलं काही काम नाही, आणि झोपी जाते. मी विचारले, सतत मागत राहिले तर? तर बहिरी होते, तू म्हणालास. मागायचं, गप्प बसायचं, वाट बघायची, मग पुन्हा मागायचं. मी शेवटचा प्रश्न विचारला: आणि आत काही शिल्लकच नसेल तर?

“तर कितीही माग, दादा.”

याच बैठकीत तू हेही सांगितलेस की शरीरात ही साखळी मुळात चव्वेचाळीस दुव्यांची असते, पण सगळे काम पहिल्या एकोणतीसांतच होते. उरलेले पंधरा नुसते शेपूट. आणि वहिनीकडे वळून म्हणालास, दादाच्या भाषणासारखं. पहिल्या एकोणतीस वाक्यांत मुद्दा संपतो, पुढची पंधरा हौसेची. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मी हसलो नाही. माझ्या मते उपमा सदोष होती. आज ती निर्दोष वाटते.

संध्याकाळच्या उंचीचा पुरावा केवळ लवंगीच्या स्मरणावर सोडणे मला प्रशस्त वाटेना. म्हणून मी तो स्वतःवर तपासला. आमच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारा सुतार राहतो. त्याने भिंतीला उभी पट्टी ठोकून दिली आणि डोक्यावर टेकवायला काटकोनाचा लाकडी ठोकळा केला. एकवीस दिवस, सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी सहा, तो वर येऊन मला मोजून जातो. दुसऱ्या आठवड्यात म्हणाला, “प्राध्यापक, तुम्ही रोज संध्याकाळी बोटभर नमता. हे तुमच्या विद्यार्थ्यांना कळवू का? पेढे वाटतील.” सरासरी फरक तेरा मिलिमीटर. तक्ता सोबत आहे. सकाळच्या आकड्यांना निळी शाई, संध्याकाळच्यांना काळी.

सुताराला मी विचारले की तुमच्या धंद्यात असे होते का. तो म्हणाला, लाकूडही हवेनं फुगतं-आकसतं, म्हणून माप लिहिताना आम्ही वेळ लिहितो. त्याचे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे.

अर्ज गहाळ झाला असण्याची शक्यता धरून पुन्हा दोन प्रती जोडतो.

थोरला

२७ एप्रिल

धाकट्या,

पहिल्या पत्रात मी लिहिले की आधारविधान खोटे आहे हे मला लवंगीने सांगितले. हेही अपुरे आहे. ते मला अठरा वर्षांपूर्वी तू सांगितले होतेस. हे तुला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हेही तुला ठाऊक असणार. म्हणजे पहिले पत्र वाचताना तू हसला असशील, किंवा हसलाही नसशील. तेव्हा आता क्रमाने लिहितो.

समितीच्या इतर दोघा सदस्यांनी मला आधीच सुचवले होते की भावाच्या प्रकरणात तुम्ही बसू नये. मी त्यांना वीस मिनिटे समजावले. नाते हा पुराव्याचा भाग नसतो. नात्यासाठी जो खुर्ची सोडून उठतो तो नात्याला पुरावा मानतो. मी तसे मानत नाही, म्हणून मी बसेन. ते दोघे निरुत्तर झाले. निरुत्तर होणे आणि पटणे यांतला फरक मी पस्तीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवला.

सुनावणीत तू माझा मोजमापाचा कागद पहिल्यांदा पाहिलास आणि विचारलेस, किती वाजता मोजलं? कागदावर वेळ नव्हती. मी म्हणालो, रीतीप्रमाणे मोजले. मधल्या सुट्टीत बाहेरच्या बाकावर लवंगीची आई बसली होती. तिने तुला सांगितले असणार. तू आत आलास तेव्हा युक्तिवाद संपल्याचे मी नुकतेच जाहीर केले होते. तू बसला नाहीस.

“दादा, तू त्यांना संध्याकाळी मोजलंस. उद्या सकाळी आठला ये आणि पुन्हा मोज. मी खोलीतसुद्धा येत नाही.”

मी म्हणालो, “इथे मी अध्यक्ष आहे. आणि युक्तिवाद संपले आहेत.”

कारकुनाने माझ्याकडे पाहून विचारले, हे लिहू का. मी म्हणालो, नको. म्हणून इतिवृत्तात तुझी ती तीन वाक्ये नाहीत. मी ते गेल्या महिन्यात जाऊन पाहिले. कुठेतरी असतील अशी मला उगाच आशा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच मुले मोजायला एक तास लागला असता. फार तर दीड. मी का गेलो नाही, याची दोन उत्तरे मी स्वतःला देत आलो: नियम तसा होता, आणि तुझे म्हणणे मला त्या क्षणी बिनबुडाचे वाटले. दोन्ही खोटी आहेत. नियम अध्यक्षाला मुभा देत होता. आणि तुझे म्हणणे मला त्या क्षणी खरे वाटले होते. तू वहिनीच्या समोर बाटली घोळवत बसायचास तसाच उभा होतास, हात रिकामे होते तरी. मी तुला ओळखत होतो. तू कधी आकडे फुगवले नसतेस. लहानपणी मी तुझ्यासाठी शाळेत खोटे बोललो तेव्हासुद्धा तू उभा राहून गुरुजींना खरे सांगितले होतेस आणि आपण दोघे अंगठे धरून उभे राहिलो होतो.

पण निकालाचा मसुदा आदल्या दिवशीच टंकून माझ्या पिशवीत होता.

संध्याकाळी मोजायला का गेलो, तेही राहिले. सकाळी मला तास होता. काय शिकवले ते आठवत नाही.

आणि एक. निकालानंतर लोक माझ्याशी जरा अदबीने बोलू लागले. सख्ख्या भावालाही सोडले नाही, असे माझ्या पाठीमागे म्हणत, पण मला ऐकू येईल इतक्या जवळून. ते मला आवडले. किती काळ आवडत राहिले ते सांगण्याचे धैर्य या पत्रात नाही.

तुझी वहिनी त्या दिवशी जेवली नाही. मला एकच म्हणाली, “तुम्ही जिंकलात. आता रविवारी कोण येईल?” मी तिला म्हणालो की ही जिंकण्या-हरण्याची बाब नाही. त्यानंतर एकाही रविवारी तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि दर रविवारी चहाचे आधण मात्र तीन कपांचे ठेवत आली. उरलेला चहा मी पीत असे. तिला विचारले नाही, कोणासाठी.

तेव्हा सही कर. माझ्या साक्षीशिवाय फेरविचार उभा राहणार नाही आणि तुझ्या सहीशिवाय मला साक्ष देता येणार नाही. मी सगळे सांगेन, मसुद्यासकट.

थोरला

१८ मे

पत्रे परत आलेली नाहीत. म्हणजे पत्ता बरोबर आहे आणि तू ती स्वीकारतोस. याहून अधिक अनुमान काढणे रास्त नाही, म्हणून काढत नाही.

दुपारी टपालवाला येऊन जातो तोवर मी जिन्यात उभा असतो. सुतार मला विचारतो, कोणाची वाट बघताय? मी सांगतो, पाय मोकळे करतो आहे. तो म्हणतो, उभं राहून?

तीस जूनला सहा आठवडे उरले.

थोरला

६ जून

धाकट्या,

तुझे पत्र मंगळवारी मिळाले. अर्जाच्या चारही प्रती सहीवाचून परत आल्या आहेत, माझ्या पेन्सिलीच्या खुणा जशाच्या तशा.

तुझे अक्षर थोडे मोठे झाले आहे. तुझीही नजर कमी झाली असेल हे मला सुचलेच नव्हते. मी तुला अठरा वर्षे पन्नाशीचाच धरून चाललो होतो.

तू लिहितोस ते इथे उतरवून घेतो, मला नीट समजले आहे हे तुला दिसावे म्हणून. “उंची बरोबर होती. परवानगी नव्हती. अकरा आठवडे त्या पोरीला टोचलं, तिच्या आईला विचारून आणि समितीला न विचारता. बाटल्या फ्रीजमध्ये होत्या आणि पोरगी वाढत होती. पुन्हा तसंच करीन, म्हणून तो दोष माझाच राहू दे. अर्धा निकाल धुऊन मला नको. तुला लिहायचं असेल तर दोन्ही लिही, आणि तुझ्या सहीने लिही.” आणि खाली: “वहिनीची पत्रं थांबली तेव्हाच समजलो होतो.”

पहिल्या वाचनात मी तुझ्याशी वाद घालायला बसलो. तीन पाने झाली. पहिला आरोप पडला तर दुसऱ्याचे काय होते, हे मी सात मुद्द्यांत मांडले होते, आणि सातव्या मुद्द्यावर मला जाणवले की तुला निर्दोष ठरवण्यासाठी मी तुझ्याशीच भांडतो आहे. पाने फाडली.

मग चष्म्याच्या दुकानात गेलो आणि तुझे पत्र लवंगीला वाचून दाखवले. तिला आधी अर्जाविषयी सांगितले होते, आणि ती दर आठवड्याला विचारत होती. तुझ्या नकारावर ती रागावेल असे मला वाटले होते. ती रागावली, पण माझ्यावर.

“त्या अकरा आठवड्यांत मी पावणेदोन सेंटिमीटर वाढले,” ती म्हणाली. “ते चोरीचे आहेत का? मग परत करते. कुणाकडे जमा करायचे, तुमच्याकडे?”

मी म्हणालो की परवानगीशिवाय औषध देणे हा नियमभंग होतो, मुलीचे भले झाले तरी होतो, आणि डॉक्टर स्वतः ते मान्य करतात.

“त्यांनी मानावं. ते डॉक्टर आहेत. तुम्ही कशाला मान हलवताय? मला टोचताना त्यांनी आईला विचारलं, मला विचारलं. मी सात वर्षांची होते, तरी विचारलं. तुम्ही मला मोजलंत तेव्हा विचारलंत?”

मी विचारले नव्हते. तसे म्हणालो.

ती काचा पुसत राहिली. मग शांत होऊन म्हणाली की त्यांना एक निरोप द्या. या काउंटरवरून मी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघते. ते नसते तर आयुष्यभर शर्टांची बटणं मोजत बसले असते. मी म्हणालो, हे पत्रात लिहितो. ती म्हणाली, “लिहू नका. सांगा.”

मी लिहिले आहे. पण तिने काय म्हटले होते तेही लिहिले आहे.

परवा संस्थेत जाऊन निवेदन दिले. चार पाने. दोन्ही लिहिले, तू सांगितलेस त्याच क्रमाने: उंची बरोबर होती, परवानगी नव्हती. त्यानंतर माझा भाग: वेळ न नोंदलेला कागद, वगळलेली तीन वाक्ये, आदल्या दिवशीचा मसुदा. खाली माझी सही. आवक खिडकीवरच्या कारकून बाईंनी ते उभ्या उभ्या वाचले आणि म्हणाल्या, “अर्ज नसेल तर फाइल उघडत नाही, आजोबा. हे मी जुन्या फाइलीला टाचून ठेवते. फाइल तीस तारखेला जाणार, तिच्याबरोबर हेही जाणार.”

मी म्हणालो, जाऊ द्या.

“मग लिहिलंत कशाला?”

त्यांनी शिक्का मारला, क्रमांक लिहिला आणि पोच माझ्या हाती दिली. मी बाहेर आलो आणि बराच वेळ संस्थेसमोरच्या बाकावर बसलो. निकाल तसाच राहिला आहे, आणि महिनाअखेर निकालही राहणार नाही. काय खरे होते ते तुला, मला, लवंगीला आणि त्या कारकून बाईंना ठाऊक आहे. चौघे. एवढ्यावर भागवावे लागेल.

बाकावर बसून मी तुझे पत्र पुन्हा वाचले. तोवर मी ते अकरा वेळा वाचले असेन, पण तुझ्या सहीपर्यंत. सहीच्या खाली एक ओळ आहे, वेगळ्या पेनाने, बहुधा पाकीट बंद करताना लिहिलेली: “घर तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. बावन्न पायऱ्या आहेत.”

या ओळीचा वरच्या मजकुराशी काहीही संबंध नाही. मी तिच्यावर दोन दिवस विचार केला. तिच्यातून दोन अनुमाने निघतात. एक, ये. दुसरे, येऊ नकोस, तुला झेपणार नाही. दोन्हींच्या बाजूने पुरावा सारखाच आहे, आणि समान पुराव्यावर निष्कर्ष काढू नये असे मी स्वतः शिकवले आहे. मात्र दुसरे अनुमान खरे धरले तरी त्यात कोणीतरी माझ्या गुडघ्यांचा विचार केलेला आहे. आणि कोणीतरी कधीतरी, मी ते चढतो आहे अशी कल्पना करून, ते बावन्न मोजले आहेत.

एवढ्या आधारावर मी आयुष्यात एकही निकाल दिला नसता. शनिवारचे तिकीट काढले आहे.

रविवारी दुपारी पोचेन. स्टेशनवर येऊ नकोस. पत्ता मला पाठ आहे. मध्ये कुठेतरी, विसाव्या किंवा पंचविसाव्या पायरीवर, मला थांबावे लागेल. कठड्याला धरून उभा राहीन. पावले वाजायची थांबली तर मी परत गेलो असे समजू नकोस.

दादा